मनाला आधार देण्याचे काम शिकणारी तरुण मुले: ही शिकाऊ उमेदवारी नेमकी काय असते?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात हा निकाल आला. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घेतले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. गोव्यातल्या पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या शाळा, हायर सेकंडरी आणि कॉलेजे या तत्त्वांच्या कक्षेत येतात.

अडचण माणसांची आहे. भारतात दर लाख लोकसंख्येमागे एकही पूर्ण मनोविकारतज्ज्ञ नाही. हे प्रमाण सुमारे ०.७५ असल्याचे २०१९ मधल्या एका अंदाजात दिसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचे आढळले. प्रौढांतल्या वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत गोवा नव्हता, पण आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल असे मानायला आधार नाही. आपल्या शाळांना शिक्षण विकास महामंडळामार्फत समुपदेशक मिळतात, मात्र एका समुपदेशकाला एकाहून अधिक शाळा सांभाळाव्या लागतात. मूल ज्या दिवशी बोलायला तयार होते, त्या दिवशी समुपदेशक दुसऱ्या गावात असू शकतो.

या टंचाईवर जगभर एक उपाय पुढे येत आहे. अठरा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांना काम करता करता मानसिक आधाराचे प्रशिक्षण द्यायचे आणि त्यांच्याच पिढीच्या किंवा त्यांच्याहून थोड्या लहान मुलांसाठी त्यांना उभे करायचे, असा तो उपाय आहे. ऐकायला सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो कसा चालतो आणि शिकणाऱ्या तरुणांच्या वाट्याला त्यात काय येते, हे समजून घेतले तरच त्याचे भले-बुरे ठरवता येईल.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे काय?

आपल्या देवळांतल्या भजनी सप्ताहात पखवाज शिकणारा मुलगा पहिल्याच वर्षी पखवाजाला हात लावत नाही. तो आधी टाळ घेऊन मागे बसतो. पुढे एखाद्या रात्री गर्दी ओसरल्यावर बुवा त्याला एका सोप्या अभंगाला बसवतात आणि त्याची लय सुटू लागली की शेजारचा जाणता वादक टाळाच्या ठोक्याने त्याला परत ठेक्यावर आणतो. भजन खरे असते, समोरचे श्रोते खरे असतात, पण चूक सावरणारा माणूस हाताच्या अंतरावर असतो. शिकाऊ उमेदवारी, म्हणजेच अप्रेंटिसशिप, याच तीन गोष्टींवर उभी आहे: खरे काम, शेजारी बसलेला जाणकार आणि हळूहळू वाढत जाणारी जबाबदारी.

कायद्याच्या भाषेत ही व्यवस्था १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली येते. उमेदवार आणि आस्थापना यांच्यात लेखी करार होतो, त्याची नोंदणी होते आणि उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते. मात्र या कायद्यानुसार तो ‘कामगार’ नसून ‘प्रशिक्षणार्थी’ असतो, आणि पुढचे बरेच प्रश्न या एका तरतुदीतून निघतात. वेर्ण्याच्या कारखान्यात आयटीआय झालेला मुलगा जे करतो त्याच जातीची ही व्यवस्था आहे. फरक इतकाच की इथे यंत्राच्या जागी माणूस असतो, आणि माणसावर झालेली चूक सुटा भाग बदलून दुरुस्त होत नाही.

मदत आणि उपचार यांत फरक आहे

मानसिक आरोग्याचे काम एका पातळीवरचे नसते. सगळ्यात खाली लक्षपूर्वक ऐकणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे असते. त्यावर काही ठरावीक, शिकता येण्याजोग्या पद्धती असतात, जसे की अडचणीचे लहान तुकडे पाडून एकेक सोडवणे. त्यावर मानसोपचार आणि आणखी वर औषधोपचार व रुग्णालय. शिकाऊ उमेदवाराची जागा पहिल्या पातळीवर आहे आणि पुरेशा सरावानंतर दुसऱ्या पातळीवर. निदान करणे, औषधाविषयी सल्ला देणे किंवा गंभीर आजाराची जबाबदारी एकट्याने घेणे हे त्याचे काम नाही. बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयाला हा पर्याय नाही. तिथपर्यंत जाण्याची ज्यांना गरज आहे त्यांना वेळेत ओळखून तिथे पोहोचवणे, आणि ज्यांना ती गरज नाही त्यांना गावातच आधार देणे, एवढाच त्याचा हेतू आहे.

याचा पुरावा गोव्यातच आहे

पदवी नसलेली, मानसशास्त्र न शिकलेली माणसे असे काम करू शकतात का, या प्रश्नाचे एक चांगले उत्तर आपल्याच आरोग्य केंद्रांतून निघाले आहे. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ प्रौढ रुग्णांवर एक चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. समुपदेशक स्थानिक होते, किमान दहावी झालेले होते आणि त्यांना मानसिक आरोग्याचे आधीचे व्यावसायिक शिक्षण नव्हते. वर्गातले प्रशिक्षण काही आठवड्यांचे होते आणि त्यानंतर बराच काळ देखरेखीखाली प्रत्यक्ष काम होते, म्हणजे पद्धत शिकाऊ उमेदवारीचीच.

ते जे उपचार देत होते त्यांचे सूत्र सरळ आहे. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो: बाजारात जायचे थांबतो, भजनाला जायचे थांबतो, मित्रांचे फोन घेत नाही. गोष्टी सुटल्या की मन आणखी खचते आणि मन खचले की आणखी गोष्टी सुटतात. समुपदेशक त्याच्याबरोबर बसून त्यातली एखादी लहानशी गोष्ट पुन्हा सुरू करण्याचे वेळ ठरवून नियोजन करतो आणि पुढच्या भेटीत त्याचे काय झाले ते विचारतो. साधारण सहा ते आठ भेटींचा हा कार्यक्रम होता. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा हे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त आरोग्य केंद्रातले सुधारित नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते.

हा अभ्यास प्रौढांचा होता, किशोरवयीन मुलांचा नव्हता, हे विसरून चालणार नाही. तरीही त्यातून एक गोष्ट पक्की होते: पदवीच्या अभावाने काम अडत नाही, पण देखरेखीच्या अभावाने अडेल. हे समुपदेशक एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणे ऐकून ठरावीक निकषांवर गुण देत आणि त्यावर गटात चर्चा करत. दर आठवड्याला चालणारी ही तपासणी बाजूला काढली तर त्या यशातले किती उरले असते, हा विचार अशी योजना आखणाऱ्या प्रत्येकाने करावा.

शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यांत काय अनुभव येतो?

प्रशिक्षणाच्या खोलीत तिघे-तिघे बसतात. एक जण समुपदेशक होतो, दुसरा बारावीत नापास झालेला मुलगा होतो आणि तिसरा वही घेऊन निरीक्षण करतो. नव्या उमेदवाराच्या तोंडून दोन मिनिटांच्या आत ‘तू असे कर ना’ हे वाक्य निघते, कारण घरीदारी आपण सगळे असेच बोलत आलेलो असतो. निरीक्षक प्रत्येक सल्ल्यापुढे एक रेघ मारतो. पान भरते. मग तोच संवाद पुन्हा होतो आणि या वेळी सल्ल्याच्या जागी ‘मग काय झाले?’ असे विचारून गप्प बसायचे असते. ही शांतता सहन करणे हा या कामातला पहिला अवघड धडा आहे, आणि बहुतेकांना तो पुस्तकातल्या कोणत्याही प्रकरणापेक्षा जड जातो.

दुसरा धडा एका प्रश्नाचा आहे. समोरचा मुलगा फार खचलेला वाटला तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे त्याला सरळ विचारायचे असते. पहिल्यांदा विचारताना उमेदवाराचा आवाज खाली जातो, नजर वहीत जाते, किंवा प्रश्न ‘तसले काही मनात नाही ना?’ असा बाहेर पडतो. मग समोरच्याला ‘नाही’ म्हणण्यावाचून वाट उरत नाही. असे विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची असून, विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणून हे वाक्य स्थिर आवाजात म्हणता येईपर्यंत त्याचा सराव करून घेतात. उत्तर ‘होय’ आले तर पुढे काय करायचे याची पावले आधीच लिहिलेली असावी लागतात: मुलाला एकटे सोडायचे नाही, देखरेख करणाऱ्याला तत्काळ कळवायचे आणि कुटुंबाला विश्वासात घ्यायचे. १४४१६ हा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो पाठ असला पाहिजे.

प्रत्यक्ष शाळेत गेल्यावर वेगळ्याच अडचणी सुरू होतात. आपण नेमके कोण, हे उमेदवाराला कळत नाही आणि इतरांनाही कळत नाही. मुले त्याला ‘दादा’ म्हणतात, शिक्षकांना तो कालचा विद्यार्थी वाटतो, आणि एखादे शिक्षक रजेवर असले की त्याला रिकाम्या तासावर पाठवले जाते. ज्याने सकाळी वर्गात दंगा करणाऱ्यांना दरडावले, त्याच्याकडे दुपारी मन मोकळे करायला कोण येईल? बोलायला खोली नसते. व्हरांड्यात किंवा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर गाठ घ्यावी लागते. या तक्रारी किरकोळ वाटतील, पण माझ्या मते उमेदवारी यशस्वी होणार की नाही हे या तपशिलांवरच ठरते. एक खोली, दार लावता येणारी, आणि उमेदवाराला बदली तासावर पाठवायचे नाही असा लेखी नियम, यांना खर्च जवळजवळ लागत नाही.

मिळणारे समाधानही खरे असते. आपल्याकडची कितीतरी मुले घरी कोंकणी बोलतात, मराठीत प्राथमिक शाळा शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. राग, लाज, घरातले भांडण हे सांगताना ती या तिन्ही भाषांत ये-जा करतात. त्याच वाटेने नुकताच गेलेला तरुण त्यांना अडखळू न देता ऐकू शकतो. परीक्षेचा धाक, मोबाइलवरून होणारी बदनामी, मित्रांच्या आग्रहाने सुरू झालेली दारू, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. हे काम करणारे तरुण सांगतात की ते स्वतःच्या घरातही वेगळे ऐकू लागतात. काहींना वर्षभरात कळते की हे क्षेत्र आपले नाही. तेही शिकाऊ उमेदवारीचे चांगलेच फळ आहे, कारण पाच वर्षांची पदवी घेतल्यावर हे कळण्यापेक्षा आता कळलेले बरे.

‘वीस वर्षांच्या पोराला आयुष्य काय कळणार?’

शंका रास्त आहे. त्याला आयुष्य कळत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. त्याने वडीलधाऱ्यासारखा उपदेश करायचा नसून ठरावीक पद्धत नीट वापरायची आहे आणि तिच्या मर्यादा ओळखायच्या आहेत. अनेक मानसिक आजारांची सुरुवात पंचविशीच्या आत होते, आणि नेमके त्या वयात मुले मोठ्यांपासून दूर सरकलेली असतात. त्यांच्याजवळ असलेल्या माणसाला तयार करणे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

‘मग शिक्षकच हे का करत नाहीत?’

बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत याची तुलना झाली आहे. शाळेतले वातावरण सुधारण्याचा एकच कार्यक्रम काही शाळांत प्रशिक्षित बिगरव्यावसायिक समुपदेशकांनी राबवला आणि काही शाळांत शिक्षकांनी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत समुपदेशकांच्या शाळांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली, शिक्षकांच्या शाळांमध्ये दिसली नाही. यात शिक्षकांचा दोष काढण्याचे कारण नाही. अभ्यासक्रम, परीक्षा, निवडणुकीची कामे हे सगळे वाहणाऱ्या माणसावर आणखी एक ओझे टाकले की ते शेवटच्या क्रमांकावर जाते; शिवाय गुण देणाऱ्या माणसापुढे मन उघडणे मुलांना कठीणच असते.

‘आणि त्या तरुणाचेच मन खचले तर?’

या आक्षेपाचे मला सर्वात अधिक महत्त्व वाटते. या कामाकडे वळणाऱ्या अनेक तरुणांनी स्वतः किंवा त्यांच्या घरातल्या कोणीतरी मानसिक त्रास सोसलेला असतो. त्या अनुभवाचा उपयोग होतो, पण समोरच्या मुलीने तिच्या वडिलांच्या दारूबद्दल बोलायला सुरुवात करताच स्वतःची जुनी रात्र आठवली, तर उमेदवार तिचे ऐकतो की स्वतःचे? संध्याकाळी घरी पोहोचल्यावर ते बोलणे डोक्यातून जात नाही. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ‘दादा, जागा आहेस?’ असा निरोप येतो आणि उत्तर न देणे क्रूरपणाचे वाटते.

यावर उपाय आहेत आणि ते सगळे संस्थेने करायचे आहेत. दर आठवड्याला एक तास अनुभवी समुपदेशकाबरोबर देखरेखीची बैठक हवी, तीही कामाच्या वेळेत. त्या तासात ‘किती मुले पाहिली?’ याचा हिशेब नको, ‘कोणते बोलणे तुला जड गेले?’ याची विचारपूस हवी. मुलांशी संपर्क संस्थेच्या क्रमांकावरून आणि ठरलेल्या वेळेत व्हावा, आणि त्या वेळेबाहेर १४४१६ वर फोन करायचा हे मुलांना पहिल्याच भेटीत सांगितलेले असावे. स्वतःची कहाणी सांगायची की नाही हे उमेदवाराने ठरवायचे. संस्थेच्या कार्यक्रमात त्याला मंचावर उभे करून ती सांगायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

गोव्यासारख्या लहान ठिकाणी गुपित कसे राहील?

आपल्याकडे आडनाव आणि वाडा सांगितला की पुढची माहिती आपोआप निघते. शाळेत भेटलेला मुलगा रविवारी जत्रेत भेटतो आणि त्याची आई उमेदवाराच्या मावशीची शेजारीण निघते. म्हणून उमेदवाराला स्वतःच्या गावच्या शाळेत नेमू नये, आणि बाहेर भेट झाली तर मुलाने ओळख दाखवली तरच आपण दाखवायची, हे आधीच ठरवून घ्यावे.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मानसिक आजाराच्या रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि शाळेत मन मोकळे करणाऱ्या मुलालाही तेच वचन मिळाले पाहिजे. पण गोपनीयता संपूर्ण नसते. जिवाला धोका असेल तर सांगावे लागते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हे बंधन शिकाऊ उमेदवारालाही चुकत नाही. ही मर्यादा मुलाला बोलणे सुरू होण्याआधी सांगायची असते. आधी ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊन मग ते मोडले, तर ते मूल पुन्हा कोणाकडेच बोलणार नाही.

विद्यावेतन, आणि त्यानंतर काय?

२०१९ च्या सुधारित नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवले होते. वाळपईहून किंवा काणकोणहून रोज बसने पणजीकडे ये-जा करणाऱ्याला त्यातले हाती किती उरेल? हॉटेलात किंवा औषध कंपनीत याहून बरे पैसे मिळतात. परिणामी ज्यांच्या घरची परिस्थिती बरी आहे तेच तरुण या कामात टिकतील, आणि ज्या वस्त्यांतल्या मुलांना आपल्यातला कोणी हवा आहे तिथला तरुण बाहेर पडेल. प्रवासखर्च विद्यावेतनाव्यतिरिक्त मिळावा आणि नेमणूक जवळच्या, पण आपले नसलेल्या गावात व्हावी, एवढे केले तरी बराच फरक पडेल.

इंग्लंडमधून इथे शिकण्यासारखे आहे. २०१७ च्या सरकारी प्रस्तावानंतर तिथे शाळांसाठी मानसिक आरोग्य पथके उभी राहिली आणि त्यांत एक वर्ष विद्यापीठ व शाळा अशा दोन्हीकडे शिकणारे, पहिल्या दिवसापासून पगार घेणारे प्रशिक्षणार्थी आले. तिथल्या सुरुवातीच्या मूल्यमापनात दोन गोष्टी पुढे आल्या. त्यांच्याकडे आलेल्या काही मुलांचा त्रास त्यांना शिकवलेल्या सौम्य उपायांच्या आवाक्याबाहेरचा होता, आणि पुढे बढतीची वाट न दिसल्याने तयार झालेली माणसे सोडून जाऊ लागली. आपल्याकडे सुरुवातीलाच या दोन्हींची तजवीज करता येईल. संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या कायद्यात समुपदेशनासारख्या वर्तन-आरोग्यविषयक व्यवसायांचा समावेश आहे. उमेदवारीचे वर्ष या कायद्याखाली मान्य होणाऱ्या शिक्षणाशी जोडले गेले तर प्रमाणपत्राला मोल येईल. तोवर कोणाही उमेदवाराने स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेऊ नये आणि शाळेनेही तशी पाटी लावू नये. न्यायालयाने सांगितलेल्या प्रशिक्षित समुपदेशकाच्या जागी उमेदवार दाखवून मोकळे होणे तर सरळसरळ फसवणूक ठरेल.

करारावर सही करण्यापूर्वी

आपल्या मुलाने किंवा मुलीने अशी उमेदवारी घ्यायचे ठरवले तर पालकांनी त्यांना अडवण्यापेक्षा त्यांच्याबरोबर जाऊन संस्थेला काही गोष्टी विचाराव्यात. देखरेख करणारी व्यक्ती कोण आहे, तिचे शिक्षण काय आणि ती आठवड्याला किती वेळ देणार? एका वेळी किती मुले सोपवली जातील? एखाद्या मुलाने जिवाचे बरेवाईट करण्याविषयी सांगितले तर उमेदवाराने कोणाला फोन करायचा, आणि तो फोन सुट्टीच्या दिवशी कोण उचलणार? पहिल्या प्रश्नाला नाव आणि वार मिळाला नाही, तर तिथे सही करू नये.

करार संपण्याची वेळही आधीच बोलून घ्यावी. वर्षभर एका दादाशी किंवा ताईशी बोलत आलेल्या मुलाला एके दिवशी ती व्यक्ती येणे बंद झाले तर आपण पुन्हा टाकले गेलो असे वाटते, आणि निघून जाणाऱ्या उमेदवारालाही ते सलत राहते. म्हणून शेवटच्या महिन्यात नवी मुले देऊ नयेत, प्रत्येक मुलाला शेवटच्या भेटीची तारीख आधी सांगावी आणि पुढच्या समुपदेशकाबरोबर निदान एक भेट तिघांनी मिळून घ्यावी, हे करारातच लिहून घेता येते.